‘मानसिक वय आठ वर्षे’ : एका वाक्याची तपासणी

‘हिचे वय चोवीस, पण मानसिक वय आठ.’ हे वाक्य आपण सर्वांनी कुठे ना कुठे वाचले किंवा ऐकले आहे. बुद्धिमापन चाचणीच्या अहवालात ते असते, विशेष शाळेच्या नोंदवहीत असते, न्यायालयाच्या निकालपत्रात असते. आमच्या आष्टी तालुक्यात त्याचेच बोलीतले रूप कानावर येते : ‘‘तिले काय समजते जी गुरुजी, लेकरूच हाय ते!’’ बोलणाऱ्या आईच्या स्वरात माया असते, म्हणून त्यावर कोणी वाद घालत नाही. आम्ही मात्र या लेखात वादच घालणार आहोत. ज्या मुलांना आपण शाळेत ‘मागे पडलेली’ म्हणून पाहतो ती मोठी होतात. त्यांना पाळी येते, मिसरूड फुटते, कोणीतरी आवडू लागते. त्या वेळी त्यांना काय शिकवायचे, हा प्रश्न या एका वाक्यामुळे कायमचा बाजूला पडतो. लेकराला ते कशाला शिकवायचे?

आधी शब्दांचा खुलासा. पूर्वी आपण ‘मतिमंद’ म्हणत असू. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ‘बौद्धिक अक्षमता’ हा शब्द आला. इंग्लंडमध्ये हिलाच ‘लर्निंग डिसॅबिलिटी’ म्हणतात, आणि तिकडचे काही वाचताना आपला घोटाळा होतो, कारण आपल्याकडे ‘अध्ययन अक्षमता’ म्हणजे वाचन-लेखन-गणितातली विशिष्ट अडचण. ती असलेली मुलगी पुढे डॉक्टरही होऊ शकते. येथे आम्ही बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढ माणसांविषयी बोलत आहोत.

आता ते ‘आठ’ आले कोठून? १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि तेओदोर सिमाँ यांनी, शाळेत ज्यांना जादा मदत हवी अशी मुले ओळखण्यासाठी, प्रश्नांची एक मालिका तयार केली. १९०८ च्या सुधारित आवृत्तीत त्यांनी प्रश्न वयानुसार लावले. सर्वसाधारण आठ वर्षांचे मूल जे प्रश्न सोडवते ते आठव्या वर्षाचे प्रश्न. जो तेथवर पोचला त्याची पातळी आठ. १९१२ मध्ये जर्मन मानसशास्त्रज्ञ विल्यम स्टर्न यांनी या पातळीला प्रत्यक्ष वयाने भागण्याची कल्पना मांडली आणि पुढे बुद्ध्यंक जन्माला आला. आपल्याकडे १९३० च्या दशकात डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी मराठी व कानडी मुलांसाठी या चाचणीचे रूपांतर केले. बिने-कामत चाचणी या नावाने ती विशेष शिक्षणाच्या क्षेत्रात सर्वांना माहीत आहे.

म्हणजे ‘मानसिक वय आठ’ याचा अर्थ एवढाच, की या माणसाने काही ठरावीक कोडी, शब्दार्थ, आकडे लक्षात ठेवणे अशा कामांत जितके गुण मिळवले तितके गुण सरासरी आठ वर्षांचे मूल मिळवते. तो गुणांचा आकडा आहे. फक्त त्याचे एकक ‘वर्ष’ असे ठेवले गेले, आणि तेथेच गोंधळ सुरू झाला. वर्गात करून पाहण्यासारखे एक उदाहरण घ्या. पातळी आठ असलेल्या चोवीस वर्षांच्या माणसाचा बुद्ध्यंक सरळ भागाकाराने ३३ येतो. तोच माणूस अठ्ठेचाळीस वर्षांचा झाला, आणि पातळी तीच राहिली, तर १७. माणूस काही विसरला नाही, उलट चार कामे जास्तच शिकला, तरी आकडा निम्मा! ही अडचण चाचणीकारांच्याही लक्षात आली होती. म्हणून अमेरिकेत टर्मन यांनी १९१६ च्या आवृत्तीत मोठ्या माणसाचे वय कितीही असो, सोळानेच भागायचे असे ठरवले. मग त्याचा बुद्ध्यंक दोन्ही वेळा ५० येतो. सोळाच्या पुढे हे ‘वय’ वाढायचेच थांबते, असे मोजमापाने स्वतःच कबूल केले आहे. १९३९ मध्ये डेव्हिड वेक्सलर यांनी प्रौढांची चाचणी काढली तेव्हा मानसिक वयाचा हिशेबच सोडून दिला आणि माणसाची तुलना त्याच्या वयाच्या इतर माणसांशी केली. मानसशास्त्राने जी कल्पना इतक्या लवकर मागे टाकली ती आपल्या कागदपत्रांत अजून जिवंत आहे, आणि कागदपत्रांतून ती समजुतीत उतरली आहे.

चोवीस वर्षांच्या बाईजवळ आठ वर्षांच्या मुलीजवळ नसलेल्या पुष्कळ गोष्टी असतात. तिने सोळा वर्षे अधिक पाहिलेली असतात. धाकट्या बहिणीचे लग्न पाहिलेले असते, भावजयीचे बाळंतपण पाहिलेले असते, शेतावर निंदायला गेलेली असते, कोण आपल्याला हसते आणि कोण प्रेमाने बोलते हे जोखलेले असते. यातले काहीच चाचणीत येत नाही.

आणि शरीर? पौवनावस्थेची सुरुवात मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या लहानशा भागातून होते. तेथून निघालेला संप्रेरकाचा संदेश पियूषिका ग्रंथीला जातो, तिच्याकडून बीजांडकोशाला किंवा वृषणाला. शब्दार्थ आणि गणिते यांच्याशी या साखळीचा संबंध नाही. त्यामुळे बौद्धिक अक्षमता असलेल्या बहुतेक मुलामुलींमध्ये ती इतरांप्रमाणेच सुरू होते. प्रेडर-विली संलक्षणासारख्या काही स्थितींत ती अपुरी राहते; मेंदूला इजा झालेल्या काही मुलांत लवकरही सुरू होते. डाउन संलक्षण असलेल्या मुलींना पाळी साधारण इतर मुलींच्याच वयात येते आणि त्यांना मूल होऊ शकते. पुरुषांमध्ये जननक्षमता खूपच कमी असते, पण ती अजिबात नसते असे म्हणता येत नाही. आणखी एक बदल झाला आहे. पाश्चात्त्य देशांत १९८० च्या सुमारास डाउन संलक्षण असलेल्या व्यक्तीचे सरासरी आयुर्मान पंचवीस वर्षांच्या आसपास होते, ते आता साठीच्या घरात आहे. आपल्याकडेही हृदयाच्या शस्त्रक्रिया आणि प्रतिजैविके यांमुळे ही मुले मोठी होत आहेत. ‘बालपण’ संपल्यावर चाळीस वर्षे उरतात. ती कशी जगायची, याबद्दल आपल्या पाठ्यपुस्तकांत शब्द नाही.

आपल्या कलाकृतींनी तरी काय केले? १९९१ साली संजय सूरकर यांचा ‘चौकट राजा’ आला. दिलीप प्रभावळकरांनी त्यात बालपणीच्या अपघाताने बुद्धी खुंटलेला प्रौढ नंदू उभा केला. तो अभिनय मराठी चित्रपटातला थोर अभिनय आहे, याविषयी आमच्या मनात शंका नाही. गावोगाव लोक रडले, आणि ‘वेडा’ म्हणून ज्याला दगड मारले जात त्याच्याकडे वेगळ्या नजरेने पाहू लागले. हे ऋण मान्य करूनच पुढचे म्हणायचे आहे. नंदूची बालमैत्रीण मीनल पुन्हा भेटते, तिच्या संसारात तो येऊ लागतो, आणि तिच्या नवऱ्याला हे खटकते. प्रेक्षक नवऱ्यावर रागावतो तो कशाच्या आधारावर? नंदू लेकरू आहे, त्याच्याबद्दल मत्सर कसला, या आधारावर. म्हणजे प्रेक्षकाने नंदूला स्वीकारण्याची अट अशी, की त्याच्यात पुरुष असता कामा नये. प्रौढ नंदूला बाईबद्दल काही वाटले असते, तर आपली सहानुभूती टिकली असती का? हा प्रश्न चित्रपटाने आपल्याला विचारायला लावला नाही. हिंदीत २००३ साली आलेल्या ‘कोई मिल गया’ने तर तोडगाच काढला. नायक प्रेमाचा पूर्ण हक्कदार होतो तो परग्रहावरच्या पाहुण्याने त्याची बुद्धी दुरुस्त केल्यावर! त्याआधी तो मुलांच्या टोळीत सायकल फिरवतो. २०१४ च्या ‘यलो’मध्ये डाउन संलक्षण असलेली जलतरणपटू स्वतःच पडद्यावर आली, ही मोठी पुढची पायरी. पण तीही जिद्दीची आणि पदकाची गोष्ट. पदक न मिळवणाऱ्या, साध्या, पंचविशीतल्या माणसाच्या जिवलगाची गोष्ट अजून कोणी केलेली आमच्या पाहण्यात नाही.

चित्रपट निदान कोणाला इजा करत नाही. हेच वाक्य दवाखान्यात गेले तेव्हा काय झाले ते पाहा.

फेब्रुवारी १९९४ मध्ये पुणे जिल्ह्यातील शिरूर येथील शासकीय वसतिगृहातल्या मतिमंद मुली व स्त्रियांना पुण्याच्या ससून रुग्णालयात आणले गेले आणि त्यांचे गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया सुरू झाल्या. अकरा जणींवर शस्त्रक्रिया झाली. बातमी फुटली, स्त्री-संघटना व आरोग्य कार्यकर्ते रस्त्यावर आले, आणि मुख्यमंत्र्यांच्या आदेशाने पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातही गेले. शासनाच्या बाजूने कारण दिले गेले ते असे : या मुलींना पाळीची स्वच्छता राखता येत नाही, शिवाय गर्भधारणेचा धोका टळेल.

या दोन कारणांकडे शिक्षकाच्या नजरेने पाहू. दुसरे कारण आधी घेऊ, कारण ते लवकर संपते. शासनाच्याच ताब्यातल्या, कुलपाआडच्या मुलीला गर्भ राहण्याची भीती वाटते, याचा अर्थ तेथे तिच्यावर बलात्कार होईल अशी भीती आहे. गर्भाशय काढल्याने बलात्कार थांबत नाही. तो झाल्याचे कळण्याची एक खूण तेवढी नाहीशी होते. ही भीती काल्पनिक नव्हती हे पुढे २०११ साली पनवेलजवळच्या कळंबोलीत दिसले. तेथील वसतिगृहातल्या मुलींवरचे अत्याचार उघडकीस आले आणि २०१३ मध्ये न्यायालयाने संस्थाचालकासह काही जणांना दोषी ठरवले.

पहिले कारण मात्र आपल्या व्यवसायाचे आहे. ‘स्वच्छता राखता येत नाही’ हे वाक्य अर्धे आहे. कोणी शिकवले होते का, किती दिवस, कोणत्या पद्धतीने, हा त्याचा उरलेला भाग. पाळीची काळजी घेणे हे एक काम नसून सात-आठ लहान कामांची माळ आहे. डाग ओळखणे, मोरीत किंवा संडासात जाणे, वापरलेली घडी काढणे, ती कागदात गुंडाळणे, नवी बसवणे, कागदाची पुडी ठरलेल्या डब्यात टाकणे, हात धुणे. विशेष शिक्षणात ही माळ उलट्या टोकाने शिकवण्याची एक रीत आहे. पहिल्या सहा पायऱ्या शिक्षिका करते, मुलगी फक्त शेवटची करते, म्हणजे हात धुते. काम पूर्ण झाल्याचे समाधान तिला पहिल्याच दिवशी मिळते. मग शेवटच्या दोन, मग तीन. सरळ टोकाने शिकवले तर मुलगी दर वेळी अर्ध्यातच अडकते, आणि आपण ‘हिला जमत नाही’ असा शेरा मारून मोकळे होतो. सराव फक्त पाळीच्या दिवसांत केला तर महिन्याकाठी चार-पाच दिवसच मिळतात, म्हणून कोरड्या दिवसांतही कापडावर लाल रंगाचे पाणी टाकून सराव करायचा. दिनदर्शिकेवर लाल टिकली लावायची. सौम्य आणि मध्यम अक्षमता असलेल्या बहुतेक मुली हे शिकतात. कोणाला काही महिने लागतात, कोणाला वर्ष. तीव्र अक्षमता असलेल्या काही मुलींना दुसऱ्याची मदत कायम लागते, हेही खरे. पण ज्या मुलीला शौचासाठी रोज मदत लागते तिचे आतडे काढा, असे कोणी म्हणत नाही. शी पुसणाऱ्या हाताला पाळीचे रक्त का नको वाटते, याचे उत्तर मुलीच्या बुद्धीत सापडणार नाही. ते आपल्या विटाळाच्या कल्पनेत शोधावे लागेल.

थकलेल्या आयांची बाजू आम्हाला कळत नाही असे कोणी समजू नये. एकटी, मजुरीला जाणारी, गुडघे दुखणारी आई डॉक्टरला ‘पिशवी काढून टाका’ म्हणते, तेव्हा ती क्रूर नसते. तिला सुटका हवी असते आणि दुसरी कोणतीही सुटका कोणी देऊ केलेली नसते. आष्टीहून वर्ध्याला जिल्हा रुग्णालयात प्रमाणपत्रासाठी जायचे तर अख्खा दिवस मोडतो. त्या प्रमाणपत्रावर टक्का मिळतो, त्यातून एसटीची सवलत आणि संजय गांधी योजनेचे अनुदान मिळते. मोरीत मुलीजवळ उभे राहून पायऱ्या शिकवणारे माणूस मिळत नाही. टीका करायची तर या उणिवेवर केली पाहिजे. आता २०१६ च्या कायद्याच्या कलम १० प्रमाणे दिव्यांग व्यक्तीच्या मुक्त व माहितीपूर्ण संमतीशिवाय तिला वंध्यत्व आणणारा कोणताही वैद्यकीय उपाय करता येत नाही. कायदा चांगला आहे. पण माहिती दिल्यावाचून माहितीपूर्ण संमती कशी येणार?

‘अशांना मुले होऊ नयेत’ हा विचार कोठून आला, हेही थोडक्यात सांगितले पाहिजे. तो अडाणी विचार नव्हता. त्या काळी तो विज्ञान म्हणून मिरवत होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२७ साली व्हर्जिनिया राज्याला कॅरी बक या तरुणीची सक्तीने नसबंदी करण्याची परवानगी दिली. ती, तिची आई आणि तिची तान्ही मुलगी अशा तिन्ही पिढ्या मंदबुद्धी आहेत, हा आधार. जीवशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांनी पुढे त्या मुलीची, व्हिव्हियनची, शाळेची प्रगतिपुस्तके धुंडाळली. ती सर्वसाधारण विद्यार्थिनी होती आणि १९३१ मध्ये तर तिचे नाव शाळेच्या गुणवंतांच्या यादीत लागले होते! त्याच १९२७ साली आपल्या ना. सी. फडक्यांनी भारतात सुप्रजननाची चळवळ हवी असे सांगणारे इंग्रजी पुस्तक लिहिले. मार्गारेट सँगर यांची त्याला प्रस्तावना आहे. दोन पिढ्यांना प्रणय वाचायला लावणाऱ्या कादंबरीकाराने असे पुस्तक लिहावे, याची गंमत वाटते आणि थोडे वाईटही वाटते.

न्यायालयांचे काय? २००९ साली चंडीगढच्या शासकीय संस्थेतील एका तरुणीचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आले. संस्थेतच तिच्यावर बलात्कार झाला होता, ती गर्भवती होती आणि तिला मूल हवे होते. उच्च न्यायालयाने गर्भपाताचा आदेश दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला, सौम्य बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढ स्त्रीच्या संमतीवाचून गर्भपात करता येणार नाही असे सांगितले. निकाल धाडसी आहे. पण त्यातही तिचे मानसिक वय नऊ वर्षांच्या मुलीच्या जवळपास असल्याचा उल्लेख आहेच. नऊ वर्षांची म्हणायचे आणि आई होण्याचा निर्णयही तिचा म्हणायचा, या दोन गोष्टी एकत्र बसत नाहीत. न्यायालयाने केले ते योग्य केले. चूक आहे ती मापाची.

२०१७ चे प्रकरण अधिक अवघड होते. दिल्लीतील अडतीस वर्षांच्या, मेंदूचा पक्षाघात असलेल्या स्त्रीवर अत्याचार झाला होता. तिचे मानसिक वय सहा ते आठ असल्याने तिला बालकांच्या संरक्षणाचा २०१२ चा कायदा लागू करावा, अशी तिच्या आईची मागणी होती. त्या कायद्यात साक्ष देणे सोपे असते, न्यायालयाचे वातावरण मुलाला बुजवणार नाही असे ठेवायचे असते. आईची मागणी अगदी समजण्यासारखी आहे. सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली नाही; कायद्यातले वय म्हणजे शरीराचे वय, असे म्हटले. आमच्या मते हे बरोबर झाले. मानसिक वय कायद्यात शिरले असते तर देशातल्या हजारो प्रौढ माणसांचे प्रत्येक मिठी मारणे गुन्हा ठरले असते, आणि त्यांनी आयुष्यात कधीही ‘हो’ म्हणायचे नाही असा नियम झाला असता. साक्ष सोपी करण्याची सोय प्रौढ दिव्यांगांसाठी वेगळी करता येते. त्यासाठी त्यांना बालक ठरवावे लागत नाही.

आता शिकवण्याच्या साहित्याकडे वळू. महाराष्ट्रात २००७ साली विधिमंडळात गदारोळ होऊन शाळांतले लैंगिक शिक्षण थांबवले गेले, हे जुन्या शिक्षकांना आठवत असेल. सर्वसाधारण मुलांची ही कथा, तर विशेष मुलांचे विचारायला नको. त्यांच्या वाट्याला येतो तो ‘चांगला स्पर्श, वाईट स्पर्श’ हा तक्ता. लहान मुलांसाठी तो ठीक असेल. प्रौढांसाठी तो निकामी आहे, किंबहुना अपायकारक आहे. अंघोळीला मदत लागणाऱ्या माणसाला रोज ‘वाईट’ जागी हात लागतो. दुसरे असे, की फसवणाऱ्याचा स्पर्श सुखदही वाटू शकतो; मग तक्त्याप्रमाणे तो चांगलाच ठरतो. आणि तिसरे, ज्या स्पर्शाची या माणसाला आयुष्यभर ओढ वाटणार आहे त्या साऱ्याला ‘वाईट’ हे नाव देऊन आपण मोकळे होतो. तक्त्यात ‘मला विचारले का? मी हो म्हटले का? हा माणूस माझा पगारी मदतनीस तर नाही?’ हे प्रश्न नाहीत.

परदेशात नात्यांची वर्तुळे काढून शिकवण्याची पद्धत बरीच रुळली आहे. मधोमध मी, मग मिठी मारण्याइतके जवळचे, मग हात मिळवण्यापुरते, मग नुसत्या नमस्काराचे, आणि बाहेर अनोळखी. पद्धत चांगली आहे, पण ती मराठीत आणताना एक गोची होते. आपण मुलांना प्रत्येक परक्या पुरुषाला ‘काका’ आणि ‘दादा’ म्हणायला लावतो. रिक्षावाले काका, दुकानवाले काका, शिपाई काका. शब्द जसाच्या तसा घेणाऱ्या मुलीच्या लेखी मग बाहेरचे वर्तुळ रिकामेच राहते. सगळे गाव दुसऱ्या वर्तुळात येऊन बसते. सभ्यता सोडा असे आमचे म्हणणे नाही. पण ‘सख्खे काका’ आणि ‘म्हणायचे काका’ हा भेद फोटो लावून, नावे घेऊन शिकवावा लागेल. आणि काही अत्याचार सख्ख्या काकांकडूनही होतात, म्हणून वर्तुळ कोणतेही असो, ‘नाही’ म्हणता आलेच पाहिजे. येथे विशेष शाळांचा एक आवडता गुण आडवा येतो. प्रगतिपुस्तकावर ‘आज्ञाधारक’ असा शेरा आपण कौतुकाने लिहितो. बारा वर्षे जिला मोठ्यांनी सांगितले की उठायचे, बसायचे, कपडे काढायचे, असेच शिकवले, ती तेराव्या वर्षी अचानक नकार कोठून देणार? नकाराचा सराव निरुपद्रवी गोष्टींत करून घ्यावा : ही भाजी नको, हा रंग नको, आज गाणे म्हणायचे नाही. आणि तो नकार आपण पाळावा. पाळला नाही तर धडा वाया गेला.

शब्दांचीही तशीच अडचण. मराठीत जननेंद्रियांना एक तर पाठ्यपुस्तकी संस्कृत शब्द आहेत किंवा शिव्या. मधला, घरातल्या वापराचा शब्द बहुतेक घरांत ‘शूची जागा’ एवढाच. काय झाले हे सांगायची वेळ आली तर मुलीजवळ शब्द नसतो, आणि जो असतो तो उच्चारला की थोबाडीत बसते. शिश्न, योनी, स्तन हे शब्द नाक-कान या शब्दांच्या यादीतच, त्याच आवाजात शिकवता येतात. दहावीचा प्रजननाचा पाठ ‘घरी वाचा’ म्हणून सोडून देणाऱ्या आपल्या परंपरेत हे जड जाईल, पण अशक्य नाही. गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांच्या ‘तारुण्यभान’ शिबिरांनी खेड्यातल्या मुलामुलींसमोर हे सारे मोकळेपणी बोलता येते, हे केव्हाच दाखवले आहे.

मुलग्यांबद्दल तक्रार ठरलेली : ‘चारचौघांत हात घालतो.’ उपाय म्हणून मार, चटका, नाहीतर झोपेचे औषध. हस्तमैथुनाने शरीराला इजा होत नाही, हे शिक्षकाला ठाऊक असते. शिकवायचे असते ते स्थळ आणि वेळ. चित्रांच्या पत्त्यांतून ‘एकट्याची जागा’ आणि ‘सगळ्यांची जागा’ असे गट लावून घेता येतात. येथेही परदेशी पुस्तक एके ठिकाणी अडते. ते म्हणते, ‘आपल्या खोलीत दार लावून.’ आमच्याकडच्या घरात खोली एक, माणसे सहा, मोरीला दाराऐवजी जुन्या लुगड्याचा पडदा. वसतिगृहात खाटांची रांग आणि रात्रभर दिवा. एकांत नसलेल्या माणसाला एकांताचा नियम शिकवणे म्हणजे चेष्टा आहे. दिवसातून काही वेळ मोरी त्याची, त्या वेळी पडद्याला कोणी हात लावणार नाही, इतके घरच्यांशी ठरवून देणे हे शिक्षकाचे काम आहे असे आम्हाला वाटते.

राहिला सोबतीचा प्रश्न. गावात दोन टोके दिसतात. एकीकडे ‘लग्न लावून द्या, आपोआप सुधरते’ ही ठाम समजूत. मुलगा असेल तर गरीब घरची मुलगी काही न सांगता आणतात. मुलगी असेल तर बिजवराच्या गळ्यात घालतात. दुसरीकडे, लग्न तर सोडाच, कार्यशाळेत दोघे शेजारी बसून डबा खाऊ लागले की जागा बदलतात. दोन्हीकडे त्या माणसाला कोणी विचारत नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम ५ मध्ये वैध संमती देता येण्याची अट आहे, ती योग्यच आहे; पण तेच कलम विवाहाची आणि संततीची योग्यता एका दमात मागते. मूल नको असलेले, पण एकमेकांसाठी चहा करून द्यावा असे वाटणारे जोडपे त्याच्या कल्पनेत नाही. संमतीची क्षमता सर्व बाबतींत एकसारखी नसते. पैशांचा हिशेब न कळणाऱ्या माणसालाही आपल्याला कोणाजवळ बसायला आवडते हे कळते. हे काय आहे, यातून मूल होऊ शकते, रोग होऊ शकतो, मला केव्हाही थांबता येते : एवढे चित्रांतून, पुन्हा पुन्हा सांगून समजते की नाही, हे त्या-त्या व्यक्तीबाबत पाहावे लागते. काहींना ते समजणार नाही, आणि तेथे संरक्षणच पहिले, हे आम्ही मानतो. गर्भनिरोधनाची साधने इतरांना असतात तीच यांनाही आहेत. सांभाळणारा कर्मचारी आणि सांभाळली जाणारी व्यक्ती यांच्यात मात्र ‘संमती’ हा शब्द कधीच मान्य करू नये, कारण तेथे जेवणाचे ताट त्याच्या हातात असते.

शेवटी एक व्यवहाराची बाब. २०१३ च्या दुरुस्तीपासून, लैंगिक गुन्ह्याला बळी पडलेल्या बौद्धिक दिव्यांग व्यक्तीचा जबाब तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या ठिकाणी, विशेष शिक्षक किंवा दुभाषी यांच्या समक्ष घ्यायचा असतो आणि त्याचे चित्रीकरण करायचे असते. २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही ही तरतूद आहे. म्हणजे पोलीस ठाण्यातून निरोप आला तर आपल्यापैकीच कोणाला तरी जावे लागणार. त्या वेळी मुलीला शरीराच्या भागांची नावे येत असतील, ‘केव्हा’ हे सण-बाजाराच्या खुणेने सांगता येत असेल, आणि तिच्या शेजारी बसलेल्या शिक्षकाला तिची खुणांची भाषा कळत असेल, तर जबाब उभा राहतो. असे शिक्षक तालुक्यात कोण, त्यांची नावे पोलीस ठाण्यात आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात आधीच लिहून दिलेली असावीत. रात्री अकरा वाजता ती शोधायला कोणी बसत नाही.